पहिला रंग उतरवण्याआधी

जुनी मोटरसायकल रंगवायला काढली की सगळी चर्चा पुढच्या रंगाची होते. टाकीला कुठली छटा द्यायची, मडगार्डवरची रेघ सोनेरी मारायची की पांढरी, क्लिअर कोटचे, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचे, किती हात द्यायचे. रंगारी विचारतो, मालक फोटो दाखवतो, मित्र सल्ले देतात. एक प्रश्न मात्र बहुतेक वेळा कुणी काढत नाही. आत्ता पत्र्यावर जो रंग आहे तो कधीचा, कुणी दिलेला, आणि तो काढायलाच हवा का? यावर बोलणं व्हायच्या आत टाकीवर स्ट्रिपर, म्हणजे रंग सोडवणारं रसायन, फासलेलं असतं.

माझं म्हणणं असं आहे. ज्या गाडीवर कारखान्यातला पहिला रंग अजून टिकून आहे, मग तो कितीही विटलेला, ओरखडलेला असो, तो उतरवू नये. मालकाला तसा पूर्ण हक्क आहे, तरीही उतरवू नये. आणि ज्या गाडीचा पहिला रंग आधीच गेलेला आहे तिच्यावर मात्र मनाजोगतं, अगदी धीट रंगकाम करावं. त्यासाठी कुणाची माफी मागायची गरज नाही. आज याच्या नेमकं उलट चालतं. टिकलेले रंग ‘नव्यासारखे’ करायच्या हौसेत खरवडले जातात आणि स्वतःच्या कल्पनेनं रंगवणाऱ्याला ‘गाडीची वाट लावली’ असं ऐकावं लागतं.

पिस्टन झिजला की आपण बदलतो, टायर बदलतो, क्लचच्या प्लेटा बदलतो. मग रंगानंच काय घोडं मारलंय, असं कुणी विचारेल. पिस्टन आणि टायर झिजण्यासाठीच बनवलेले असतात आणि त्यांच्या जागी तसंच काम करणारं दुसरं मिळतं. पहिला रंग ज्या रसायनांनी, ज्या भट्टीत, ज्या हातांनी चढला ती साखळी मात्र बहुतेक ठिकाणी तुटलेली आहे. कारखाने बंद झाले, ते रंग बनवणं थांबलं, काही घटकद्रव्यांवर बंदी आली, आणि ते काम करणारी माणसं गेली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळ्या मोटरसायकली घ्या. त्यांचा काळा आजच्या डब्यात मिळत नाही. डांबरवर्गीय पदार्थ आणि जवसाचं तेल यांचं मिश्रण पत्र्यावर चढवून ते भट्टीत भाजायचे. एकावर एक हात, मध्ये घासकाम, पुन्हा भट्टी. १९२० च्या दशकात नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं. ड्यूपाँ कंपनीचं ‘ड्यूको’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. त्याआधी वाहनांचे रंगीत लेप हवेवर वाळायला दिवसच्या दिवस लागत. लॅकर तासाभरात हाताला कोरडं लागू लागलं. कारखान्यांना रंगांची चैन परवडू लागली ती इथून. पुढे १९३० साली त्याच ड्यूपाँ घराण्यातल्या ई. पॉल ड्यूपाँ यांच्याकडे अमेरिकेतल्या ‘इंडियन’ मोटरसायकल कंपनीचा ताबा आला आणि १९३४ मध्ये, जागतिक मंदी चालू असताना, इंडियनच्या गाडीला तब्बल २४ रंगांचे पर्याय मिळू लागले. त्या कंपनीच्या त्या वर्षांतल्या एखाद्या टाकीवर मूळ लॅकर उरलेलं असेल तर त्यात उद्योगाच्या इतिहासातला एक आख्खा टप्पा आहे. रसायनांचा कारखाना मोटरसायकलीच्या कारखान्यात शिरला की काय होतं, ते त्या पत्र्यावर दिसतं.

या लॅकरचं वागणंही वेगळं असतं. त्यातला द्रावक उडून गेला की ते वाळतं, थर पातळ राहतो, आणि वर्षं सरली की त्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात. आजचा दोन डब्यांचा रंग हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतो. तो टिकाऊ असतो, पेट्रोल सांडलं तरी तग धरतो, आणि त्याची चकाकी जाड काचेसारखी दिसते. दोन्ही रंग चांगले आहेत. पण एकाच्या जागी दुसरा दिला की तीच छटा असूनही टाकी वेगळीच दिसते, आणि जुन्या रंगाशी नजर सरावलेल्या माणसाला हे लांबूनही कळतं.

बीएमडब्ल्यूच्या आर ९० एस या मॉडेलचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. १९७३ साली आलेल्या या गाडीची रूपरेखा हान्स मूट यांची. टाकीवर आणि पुढच्या छोट्या फेअरिंगवर, म्हणजे वारा अडवणाऱ्या आवरणावर, धुरकट करड्यातून रुपेरीत विरत जाणारी छटा होती. नंतर ‘डेटोना’ नावाचा नारिंगीही आला. ही विरत जाणारी छटा कारखान्यात माणसं स्प्रे गननं हातानं काढत, आणि तिच्यावरच्या रेघाही हातानंच ओढल्या जात. म्हणून कुठल्याही दोन आर ९० एस तंतोतंत सारख्या नाहीत. एका गाडीवर धूर जरा वर चढलेला, दुसरीवर खाली उतरलेला. आता या गाडीची टाकी खरवडून ‘मूळ पद्धतीनं’ पुन्हा रंगवली, असं कुणी म्हणतो तेव्हा नेमकं काय पुन्हा आलं? त्या दिवशी त्या कामगाराचा हात जिथे थांबला ती जागा कुठल्याही रंगसंहितेत नोंदलेली नाही. उत्तम रंगारी फार तर त्याच जातीचा दुसरा धूर काढेल.

होंडाच्या १९६९ च्या सीबी ७५० वरच्या कँडी रंगांची गोष्ट वेगळ्या दिशेनं तिथेच येते. कँडी म्हणजे खाली चमकदार धातूचा थर आणि त्यावर पारदर्शक रंगीत थर. प्रकाश वरच्या थरातून आत जातो, खालच्या चमकीवर आपटतो आणि पुन्हा रंगातून गाळून बाहेर येतो, म्हणून तो रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. हे पारदर्शक रंग उन्हात लवकर विटतात. लाल फिका होतो, निळा-हिरवा वेगळाच होऊन बसतो. पण टाकीवरचं चिन्ह काढलं की त्याखाली, सीटच्या पुढच्या टोकाखाली, रबरी पॅडच्या आड पहिल्या दिवशीचा रंग जसाच्या तसा सापडतो. मूळ रंग कसा होता हे पुढच्या कुणालाही जाणून घ्यायचं असेल तर एवढ्या बोटभर जागाच कामाच्या. टाकी रंग उतरवणाऱ्या रसायनाच्या हौदात बुडवली की त्याच पहिल्यांदा जातात. सगळ्या मालकांनी आपापल्या टाक्या अशा स्वच्छ करून घेतल्या तर उद्याचा रंगारी छटा जुळवणार कशाशी? छापील कॅटलॉगमधल्या, शाईच्या मर्यादेत अडकलेल्या फोटोशी? की आधीच दोनदा रंगवलेल्या दुसऱ्या गाडीशी? नक्कल ज्या अस्सलाच्या आधारावर होते ते अस्सलच नक्कल करता करता संपवायचं, हा प्रकार या छंदात राजरोस चालतो.

आवडीनिवडीवर तर विश्वास ठेवूच नये. ट्रायम्फची पहिली बोनव्हिल, १९५९ सालची, नारिंगी आणि मोतिया करड्या रंगात आली. तेव्हाच्या ग्राहकांना ही जोडी फारशी रुचली नाही आणि कंपनीनं लवकरच निळ्याकडे मोहरा वळवला. आज त्याच नारिंगी गाडीसाठी संग्राहक जीव टाकतात. तेव्हाच्या मालकानं ‘हा रंग बरा दिसत नाही’ म्हणून टाकी रंगवून घेतली असेल तर ते त्याच्या काळाच्या चवीला धरूनच होतं, आणि आज आपण हळहळतो. आपली आजची चव काय अमरपट्टा घेऊन आली आहे? मॅट काळा, करडा, तांब्याच्या रेघा, हे सगळं आत्ता देखणं वाटतं. ते आणखी वीस वर्षांनी कसं दिसेल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि म्हणूनच परत न येणारी गोष्ट आजच्या चवीवर ओवाळून टाकू नये.

रंगाबरोबर आणखी बरंच जातं. गुडघे घासून टाकीच्या दोन्ही बाजूंना पडलेले फिके डाग, झाकणाखालचा पेट्रोलचा ओघळ, कुणीतरी ब्रशनं रंगवलेला शर्यतीचा आकडा, मागच्या मडगार्डवर एखाद्या क्लबचं अर्धवट उरलेलं चिन्ह. ही गाडी कुणी, कशी चालवली याचा हा पुरावा आहे, आणि तो दुसरीकडे कुठेही लिहून ठेवलेला नसतो. कारखान्यातल्या रंगाच्या सगळ्या थरांची मिळून जाडी मिलीमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास भरते. एवढ्याशा जाडीत हे सगळं मावलेलं असतं आणि खरखरीत पॉलिश पेपरचे चार हात फिरले की ते संपतं.

यावर येणारा पहिला आक्षेप सरळ असतो: गाडी माझी, पैसे माझे, तुम्ही कोण सांगणारे? हा आक्षेप मी हलक्यानं घेत नाही. कुणाच्या घरातल्या वस्तूवर समाजानं हुकूम चालवावा असं मला वाटत नाही, आणि रंग उतरवायला परवाना लागावा असा कायदा कुणी मांडला तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. पण हक्क आहे म्हणून कृती शहाणपणाची ठरत नाही. जुन्या गाड्या माणसांपेक्षा जास्त जगतात. आजचा मालक हा आधीच्या चार-पाच मालकांनंतरचा आणि पुढच्या कित्येकांच्या आधीचा. आधीच्यांपैकी कुणीतरी रंगाला हात लावला नाही म्हणून तो आज आपल्याला दिसतो आहे. त्यांच्या संयमाचा फायदा घ्यायचा आणि पुढच्यांना मात्र कोरा पत्रा द्यायचा, यात मला कोतेपणा दिसतो.

दुसरा आक्षेप गंजाचा. रंग नाही काढला तर गंज पत्रा खाऊन टाकेल, असं म्हणतात. हे अर्धवट खरं आहे. पत्र्याला भोकं पडायला लागली असतील, टाकी गळत असेल, तर दुरुस्ती करावीच लागते आणि त्या जागेचा रंग जातोच. पण वरवरचा गंज रोखायला आख्खी गाडी नागडी करावी लागत नाही. सौम्य साबणाचं पाणी, मऊ कापड, गंजलेल्या ठिपक्यांवर टॅनिक आम्लाचा लेप, आणि वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेण. ज्या मेणाचा वापर वस्तुसंग्रहालयं धातूच्या वस्तूंसाठी करतात तेच. रंगाचे पोपडे सुटत असतील तर पॅरालॉइड बी-७२ सारख्या अ‍ॅक्रिलिक रेझिननं ते जागच्या जागी चिकटवता येतात, आणि गरज पडली तर अ‍ॅसिटोननं ते रेझिन पुन्हा विरघळवूनही काढता येतं. हे काम किचकट आहे, त्याला धीर लागतो. रंगवून घेणं त्याहून सोपं पडतं, आणि बहुतेक वेळा गंजाचं कारण पुढे करून ही सोपी वाटच धरली जाते. गाडी कोरड्या जागी ठेवली आणि वर्षातून एकदोनदा मेण लावलं, तर विटलेला रंगही पत्रा सांभाळतो.

मोटरसायकल ही चालवायची वस्तू आहे, काचेत ठेवायची नाही, हा तिसरा आक्षेप. मला तो पूर्ण मान्य आहे. चालवाच. जुना रंग अंगावर घेऊन गाडी उत्तम चालते. नवा महागडा रंग दिल्यावरच मालक तिला बाहेर काढायला घाबरतो, खडा उडेल म्हणून.

आता ज्याबद्दल मला खरोखर राग येतो त्याकडे येतो. स्वतःच्या कल्पनेनं रंगवलेल्या गाडीपेक्षा मला ‘मूळ रूपात आणलेली’ गाडी अनेकदा जास्त खोटी वाटते. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा त्या गाडीच्या रंगात बारीक धूळकण अडकलेले असायचे, मडगार्डच्या आतल्या बाजूला रंगाचा हात उरकलेला असायचा, चिन्हांचे ट्रान्सफर, म्हणजे चिकटवायचे छाप, किंचित तिरके बसायचे. वरून वेगळा क्लिअर कोट नसायचा. तो प्रकार वाहनांवर सर्रास दिसू लागला तो १९७० चं दशक सरता सरता. आज त्याच गाडीचा पत्रा आरशासारखा करून, लांबी (पुट्टी) भरून पोचा न् पोचा बुजवून, वर क्लिअर कोटचे चार हात देऊन तिला ‘१९५० सालची, अगदी मूळ’ म्हणून उभी करतात. तशी ती १९५० साली कधीच नव्हती. पाहणाऱ्याला भूतकाळाबद्दल चुकीची माहिती मिळते, आणि तीही मूळ असल्याच्या दाव्यासह. ज्वाळा काढलेल्या, जांभळ्या चमकीत न्हालेल्या टाकीकडे बघून कुणाचाही असा गैरसमज होत नाही. ती सरळ सांगते की हे आताच्या माणसानं केलं आहे.

इमारतींच्या बाबतीत हा वाद फार आधी होऊन गेला. इंग्लंडमध्ये १८७७ साली विल्यम मॉरिस यांनी जुन्या वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था काढली, तिला लोक ‘खरवडविरोधी’ म्हणू लागले, कारण जुन्या चर्चच्या भिंतींवरचे थर खरवडून त्यांना कल्पनेतलं मध्ययुगीन रूप देण्याची तेव्हा साथच आली होती. वास्तुसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेनं पुढे तीन गोष्टी स्पष्ट केल्या. अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. नव्यानं भरलेला भाग एकूण रूपाशी जुळावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा. आणि एखाद्या वास्तूत सगळ्या काळांनी घातलेली भर मानली जावी, कारण शैलीची एकरूपता साधणं हे जीर्णोद्धाराचं ध्येयच नाही. हेच तत्त्व डोळ्यापुढे ठेवून जुन्या वाहनांच्या क्लबांचा जागतिक महासंघ असलेल्या ‘फिवा’नं २०१२ साली ट्यूरिन सनद मान्य केली. म्हणजे मोटरसायकलींसाठी तत्त्वं लिहून तयार आहेत. ती रंगाऱ्याच्या खोलीपर्यंत पोचलेली नाहीत, एवढंच.

त्या तिसऱ्या मुद्द्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण तो माझ्याच बाजूच्या काही कडव्या मंडळींना पचत नाही. सगळ्या काळांची भर मानायची, तर कस्टम रंगकामही आता इतिहास आहे. केनेथ हॉवर्ड, ज्यांना जग फॉन डच म्हणून ओळखतं, त्यांनी मोटरसायकलींच्या दुकानात काम करता करता रेघांची कला हातात घेतली आणि १९५० च्या दशकात अमेरिकेत तिची लाट आणली. लांब केसांच्या, तलवारीच्या पात्यासारख्या ब्रशनं एका दमात ओढलेली ती रेघ. मध्ये हात थांबला की ती मोडते. पाठोपाठ कँडी आणि मोठ्या चमकीचे मेटलफ्लेक रंग आले. आर्लन नेस यांच्यासारख्या कस्टम मोटरसायकली घडवणाऱ्या माणसाची सुरुवातही रंगकामातूनच झाली. त्या काळात रंगवलेली एखादी टाकी आज साठ वर्षांची असेल. तिच्यावरचं काम पुसून खालचा ‘मूळ’ रंग परत आणायचा म्हणजे एका इतिहासाच्या नावाखाली दुसरा गाडून टाकायचा. असं करणाऱ्याला शाबासकी मिळू नये. एखाद्या अनामिक रंगाऱ्यानं एखाद्या अनामिक मालकासाठी पन्नास वर्षांपूर्वी काढलेल्या ज्वाळांनाही हाच न्याय लागू आहे. नाव प्रसिद्ध नाही म्हणून हात कमी दर्जाचा होत नाही.

मग कस्टम रंगकाम करायचं कुठे? जागा भरपूर आहे. बहुसंख्य जुन्या मोटरसायकली आयुष्यात दोनदा-तीनदा रंगवल्या गेल्या आहेत, घाईत, स्वस्तात, ब्रशनंसुद्धा. ज्यांच्या खाली काहीच उरलेलं नाही त्यांच्यावर आजच्या रंगाऱ्यानं आपली सगळी प्रतिभा ओतावी. जुन्या टाकीचा आकार रंगाऱ्याला जे देतो ते आजच्या प्लास्टिकच्या कोनाकोनांच्या तुकड्यांना देता येत नाही: लांब सलग वळणं, प्रकाश एका टोकाकडून दुसरीकडे न अडखळता वाहणारे पृष्ठभाग, रेघेला धावायला जागा. अशा पत्र्यावर कुणी कारखान्याच्या कॅटलॉगमधली छटा भित्रेपणानं गिरवत बसला की मला त्या पत्र्याचंच वाईट वाटतं.

पहिला रंग शाबूत आहे आणि तरीही मालकाला आपला रंग हवाच आहे, अशा वेळीही वाट आहे. ती मोटरसायकलीच्या बांधणीनंच दिली आहे आणि मोटारीला ती मिळत नाही. टाकी, दोन मडगार्ड, बाजूची झाकणं, हेडलाइटचं भांडं, एवढंच तर रंगाचं मुख्य अंग. आणि हे सगळं मोजक्या बोल्टांवर सुटतं. मूळ पत्रा काढून, टाकी कोरडी करून, आतून तेलाचा हात फिरवून, कापडात गुंडाळून ठेवा. दुसरी टाकी मिळवा, पिचलेली, गंजलेली, आधीच दहादा रंगवलेली चालेल, आणि ती हवी तशी रंगवा. अनेक जुन्या मॉडेलांसाठी नव्यानं बनवलेले पत्रेही मिळतात. एका संध्याकाळी गाडी पुन्हा पहिल्या रूपात येऊ शकते. यात मालकाची हौसही राहते आणि पुढच्याचा वाटाही. ज्याला दुर्मीळ गाडीची दुसरी टाकी कुठेच मिळत नाही त्याची अडचण खरी आहे. पण टाकी इतकी दुर्मीळ असेल तर तिच्यावरचा रंग तिच्याहून दुर्मीळ, हेही त्यानं लक्षात घ्यावं.

रंग उतरवायचाच ठरला, तर कसा उतरवतो याला महत्त्व आहे, कारण इथे जीव आणि पत्रा दोन्ही धोक्यात येतात. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत आणि प्रायमरमध्ये शिशाची संयुगं असू शकतात. ते कोरडे घासले की धूळ थेट फुप्फुसात. ओलं घासावं, नीट मास्क लावून. डायक्लोरोमिथेनवाल्या स्ट्रिपरनं बंद खोल्यांत माणसं मेलेली आहेत. अमेरिकेनं २०१९ साली घरगुती ग्राहकांना तो विकायलाच बंदी घातली. जोरकस सँड ब्लास्टिंगनं, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं, पातळ पत्रा वाकडा होतो आणि टाकीत शिरलेली वाळू पुढे कार्ब्युरेटरपर्यंत पोचते. फ्रेम-इंजिनवरचे ठोकलेले आकडेही त्यात बोथट होतात, आणि ते आकडे गेले की गाडीची ओळखच गेली. दोन डब्यांच्या रंगातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांनी कायमचा दमा जडू शकतो. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, तोंडाला बांधलेला रुमाल नव्हे.

पावडर कोटिंगबद्दल, म्हणजे रंगाची भुकटी फवारून ती भट्टीत वितळवून दिलेल्या थराबद्दल, थोडं वेगळं सांगायला हवं, कारण ‘टिकाऊ’ म्हणून ते डोळे झाकून सुचवलं जातं. पावडर वितळवायला साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसची भट्टी लागते. जुन्या टाक्यांचे सांधे आणि डागडुजी पुष्कळदा कथील-शिशाच्या डाखानं केलेली असते, आणि तो डाख १८३ अंशांपासून वितळू लागतो. भट्टीतून टाकी बाहेर येते ती सांधे सुटून. शिवाय पावडरचा थर जाड. ठोकलेली अक्षरं, पाइपांच्या जोडांच्या नाजूक कडा त्याखाली बुजून जातात. आणि तो पुन्हा काढायचा म्हणजे पुन्हा तेच ब्लास्टिंग. जुन्या टाकीला पावडर कोटिंग सुचवणाऱ्यानं ती टाकी आतून कधी पाहिलेली नसते, असं मी समजतो.

रंगाऱ्यांकडे या प्रश्नात कुणी बघत नाही, आणि मला ते चुकीचं वाटतं. मालक एकदाच विचारतो, रंगाऱ्याच्या हाताखालून मात्र शेकडो टाक्या जातात. कडेला नाण्याएवढी जागा पायऱ्यापायऱ्यांनी ओली घासून थर उघडे करायचे, खाली किती रंग आहेत ते मालकाला दाखवायचं, आणि कारखान्याचा रंग सापडला तर ‘हा मी काढणार नाही, दुसरी टाकी आणा’ असं म्हणायचं: एवढं बळ चांगल्या रंगाऱ्यात असायला हवं. काही जण असं म्हणतातही, आणि गिऱ्हाईक गमावतात. त्या कामाची कदर करणारी व्यवस्था उभी राहिली तरच बाकीचे त्यांच्या मागे जातील.

ती व्यवस्था प्रदर्शनं आणि क्लब ठरवतात. परीक्षक जोवर ओरखड्याला गुण कापतात आणि चकाकीला देतात तोवर मालक स्ट्रिपरकडेच धावणार; त्यांना दोष तरी किती द्यायचा? मोटारींच्या काही मोठ्या प्रदर्शनांत जीर्णोद्धार न केलेल्या गाड्यांचा स्वतंत्र गट आहे. मोटरसायकलींच्या प्रत्येक लहानमोठ्या प्रदर्शनात तो हवा, आणि दुसरा गट हवा कस्टम रंगकामाचा, जिथे रंगाऱ्याचं नाव मालकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल. ‘मूळ’ हा शब्द माहितीफलकावर लिहायचा तर कुठला भाग मूळ, कुठला पुन्हा रंगवलेला, हे खाली स्पष्ट करायची सक्ती असावी. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र परीक्षकाच्या खिशात मावतं. लांबीचा थर असेल तर आकडा एकदम वर उडतो. खोटं पकडणं अवघड नाही. ते पकडायची इच्छा आजवर फारशी दिसलेली नाही.

विक्रीच्या वेळीही हेच लागू करावं. काम सुरू करण्याआधीचे सगळ्या बाजूंचे फोटो, चिन्हाखालच्या रंगाचा जवळून फोटो, कुठल्या भागावर कुठला रंग कुणी कधी दिला, कोणतं प्रायमर, कोणता हार्डनर, ही नोंद गाडीच्या कागदपत्रांत राहिली पाहिजे. आणि मूळ टाकी काढून ठेवलेली असेल तर ती गाडीबरोबरच पुढच्या मालकाकडे जावी. तिला वेगळी विकून जास्त पैसे मिळतात, तरीही.